अस्सल समजून लावलेले सोल्यूशन : एका बनावट डिझायनर स्नीकरच्या दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

चामड्याचे बूट आणि स्नीकर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेतले हे प्रकरण आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावे, ठिकाण आणि बुटांचा ब्रँड येथे दिलेला नाही. कार्यशाळा दोघे मिळून चालवतात. फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, चढवण्यापासून सोल शिवण्यापर्यंत सगळी कामे आयुष्यभर करत आलेले एक ज्येष्ठ कारागीर प्रत्यक्ष काम पाहतात, तर ग्राहकांशी बोलणे, साहित्य मागवणे आणि प्रत्येक जोडाची नोंद ठेवणे हे त्यांच्या तरुण भागीदाराकडे असते.

एका ग्राहक महिलेने पांढऱ्या चामड्याचे, एका युरोपीय फॅशन ब्रँडचे म्हणून ओळखले जाणारे स्नीकर दुरुस्तीसाठी आणले. त्यांनी ते नवे घेतलेले नव्हते. ओळखीतल्या एका व्यक्तीकडून, फारसे न वापरलेले म्हणून ते त्यांच्याकडे आले होते. सोबत खोका, कापडी पिशवी, जादा नाड्या आणि खरेदीची पावती असा सगळा सरंजाम होता. डाव्या बुटाचा सोल चवड्याच्या बाहेरच्या बाजूने बोटभर उकलला होता आणि तेवढाच चिकटवून द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती.

बूट कपसोल पद्धतीचे होते. या पद्धतीत सोलच्या कडा वर उचललेल्या असतात, अप्पर त्या कडांच्या आत बसवून तळाशी आणि कडेला चिकटवतात, आणि बांधणी चांगली असेल तर कडेतून आरपार शिलाईही घालतात. या जोडाच्या कडेवर तशी शिलाई दिसत होती. कारागिरांनी बूट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि त्यांचे मत चटकन चांगले झाले. टाके सेंटीमीटरला चार या हिशेबाने एकसारखे पडले होते, चामड्याच्या कडा तासून आत दुमडलेल्या होत्या आणि टाचेमागची पट्टी ओळंब्यात होती. काम करणाऱ्याचा हात बसलेला आहे, असे ते म्हणाले. बूट अस्सल आहे की नाही, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. कारागिरीची तारीफ झाली तिथेच त्याचे उत्तर गृहीत धरले गेले.

पहिली दुरुस्ती आणि तिचे अपयश

त्या मॉडेलचा सोल व्हल्कनाइज केलेल्या, म्हणजे गंधक आणि उष्णतेने पक्क्या केलेल्या, रबराचा असतो, ही माहिती कार्यशाळेत होती. त्यानुसार कारागिरांनी उकललेला भाग थोडा आणखी उघडला, चामड्याची कड आणि सोलची आतली बाजू घासणीने खरवडली, दोन्हीकडे निओप्रीन या कृत्रिम रबराचे पिवळे सोल्यूशन दोन थरांत लावले, ते सुकू दिले आणि भाग दाबून बसवला. रबर आणि चामडे जोडण्याची ही नेहमीची रीत आहे आणि त्या हातून ती कधी फसत नाही.

काही आठवड्यांनी ग्राहक परत आल्या, कारण बूट त्याच ठिकाणी पुन्हा उकलला होता. या वेळी त्या थोड्या नाराज होत्या, आणि त्यात वावगे काही नव्हते.

अशा वेळी कामाच्या गर्दीत सोल्यूशन पुन्हा लावून, जास्त वेळ दाबून जोड परत देण्याचा मोह असतो. कारागिरांनी तसे केले नाही आणि या प्रकरणातला पहिला खरा निर्णय हाच म्हणावा लागेल. त्यांनी उकललेली फट उजेडात धरली. चामड्याच्या बाजूला त्यांनी लावलेला थर घट्ट होता. सोलच्या बाजूला मात्र तोच थर मऊ पडला होता. बोट लावल्यावर तो लांब तार काढत होता आणि आठवडे उलटूनही सुकल्याचे लक्षण नव्हते.

मग त्यांनी फट थोडी पुढे, आपण हात न लावलेल्या भागात, रापीच्या टोकाने उघडली. तिथे कारखान्यातला मूळ जोड होता आणि तो वेगळ्याच कारणाने सुटला होता. चिकटवणीचा पातळ, पारदर्शक थर पूर्ण अखंड सोलवर राहिला होता आणि चामड्याच्या बाजूला काहीच नव्हते. चामडे तिथे गुळगुळीत आणि चकचकीत होते, कारण सोलखाली जाणाऱ्या त्या पट्टीवरचा रंगाचा आणि लाखेचा थर कोणी खरवडलाच नव्हता. चिकटवणी चामड्याच्या तंतूंना भिडलीच नाही, ती वरच्या रंगाला चिकटली आणि चालताना बूट वाकू लागला तशी रंगावरून सुटली.

एकाच जागी दोन जोड दोन वेगळ्या रीतींनी तुटले होते. खरवडण्यातली हयगय अस्सल कारखान्यातही होऊ शकते, म्हणून कारखान्यातल्या जोडाच्या निरीक्षणावरून काही ठरत नव्हते. कार्यशाळेतल्या जोडाचे निरीक्षण मात्र रबराच्या सोलशी जुळत नव्हते. रबरावर निओप्रीन असे विरघळत नाही.

तपासणी

पुढे जाण्याआधी भागीदाराने ग्राहकांना फोन करून सोलचा एक कण आणि आतल्या तळाचा भाग तपासण्याची परवानगी मागितली. तोपर्यंत बूट फक्त चिकटवायला आलेला होता. त्याचे आतडे उघडायचे तर मालकाला विचारणे भाग होते.

पहिली चाचणी तापलेल्या सुईची होती. व्हल्कनाइज केलेले रबर सुईने वितळत नाही, फार तर करपते आणि रबर जळाल्याचा वास येतो. या सोलमध्ये सुई लोण्यात जावी तशी गेली आणि बाहेर काढताना तिच्यामागे धागा निघाला. म्हणजे सोल थर्मोप्लास्टिक, उष्णतेने वितळणाऱ्या प्लास्टिकचा, होता. त्यानंतर तांब्याच्या तारेची चाचणी झाली, जिला रसायनशास्त्रात बाइलश्टाइन चाचणी म्हणतात. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, तिच्यावर सामग्रीचा कण घ्यायचा आणि पुन्हा ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. येथे एक खबरदारी महत्त्वाची असते. निओप्रीनमध्येही क्लोरीन असते आणि चिकटवण्याआधी सोलच्या पृष्ठभागावर कधी कधी क्लोरीनयुक्त प्रायमर लावतात, त्यामुळे जोडाजवळचा कण घेतला तर ज्योत हिरवी होऊनही काही सिद्ध होत नाही. कारागिरांनी टाचेखालच्या जाड भागाच्या मध्यातून कण काढला आणि धूर बाहेर जाईल अशा जागी चाचणी केली. ज्योत लख्ख हिरवी झाली. सोल पीव्हीसीचा किंवा पीव्हीसी मिसळलेला होता.

येथे पहिल्या दुरुस्तीचा उलगडा झाला. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. हे तेलकट द्रव्य कालांतराने पृष्ठभागाकडे सरकते आणि निओप्रीनच्या थरात शिरून त्याला मऊ करते. म्हणूनच पीव्हीसीसाठी पॉलियुरेथेन चिकटवणी वापरतात, कारण ती प्लास्टिसायझरला सहजासहजी दाद देत नाही. कारागिरांच्या हातात दोष नव्हता. बूट अस्सल आहे या न उच्चारलेल्या गृहीतकाने त्यांच्या वतीने सोल्यूशनचा डबा निवडला होता.

आता प्रश्न बदलला. अस्सल मॉडेलला रबराचा सोल असतो आणि हा पीव्हीसीचा निघाला, यावरून बूट बनावट ठरवायचा का? भागीदाराला तेवढे पुरेसे वाटत होते. कारागिरांना वाटत नव्हते, आणि माझ्या मते त्यांची शंका रास्त होती. कोणी मधल्या काळात अस्सल अप्परला स्वस्त सोल बसवला असू शकतो. शिवाय मोठे ब्रँड कारखाने आणि पुरवठादार बदलतात. बॅलेन्सियागा या ब्रँडच्या ट्रिपल एस स्नीकरचे उत्पादन २०१८ मध्ये इटलीतून चीनमध्ये गेले, तेव्हा लेबलवरचा देश पाहून अस्सल-नकली ठरवणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली होती. एका फरकावर निकाल देणे धोक्याचे असते.

योगायोगाने त्याच मॉडेलचा, वेगळ्या रंगाचा एक जोड ब्रँडच्या दुकानातून स्वतः खरेदी केलेल्या एका जुन्या ग्राहकाने नवा सोल बसवण्यासाठी दिलेला होता. त्यांच्या परवानगीने तो शेजारी ठेवून तुलना करण्यात आली. हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण त्यातून निघालेले चित्र अपेक्षेप्रमाणे नव्हते.

वरच्या शिलाईत नकली जोड सरस ठरला. अस्सल बुटावर नाडीच्या छिद्रांजवळ दोरा संपून नवा जोडल्याची जागा दिसत होती, तीन टाके एकमेकांवर चढले होते, आणि आतल्या बाजूला चिकटवणीचा एक फराटा राहिला होता. नकली बुटावर यातले काहीच नव्हते. टाक्यांचा नीटनेटकेपणा पाहून अस्सलपणा ठरवणाऱ्याने येथे उलटा निकाल दिला असता. याचे आश्चर्य वाटायला नको. चीनच्या फूच्येन प्रांतातील पूथ्येन शहर नकली स्नीकरसाठी ओळखले जाते, आणि तिथली कसब मुळात मोठ्या ब्रँडसाठी कंत्राटी बूट बनवण्याच्या उद्योगातून आली आहे. हा जोड तिथलाच होता असे सांगता येणार नाही, पण नक्कल करणारा म्हणजे अडाणी हात, ही समजूत कधीच मागे पडली आहे.

चामड्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची होती. चवड्यावरचे चामडे गाईचेच होते आणि जाडी मोजल्यावर ते अस्सल बुटापेक्षा किंचित जाड भरले, १.३ ऐवजी १.४ मिलिमीटर. भिंगाखाली मात्र फरक उघड झाला. अस्सल चामड्यावर केसांच्या छिद्रांची रचना अनियमित होती, कुठे दाट तर कुठे विरळ. नकली चामड्यावर छिद्रांचा तोच समूह काही सेंटीमीटरवर जसाच्या तसा पुन्हा येत होता. मूळ पृष्ठभाग घासून काढून, वर रंगाचा जाड थर देऊन, त्यावर छाप्याने दाणा उठवलेला होता. त्यात फसवणूक आहे असे नाही, अशा चामड्याचे बूट जगभर उघडपणे विकले जातात. फक्त रंगाचा थर जितका जाड तितका तो वाकण्याच्या जागी लवकर तडकतो. आतल्या बाजूचा तुकडा, म्हणजे घोट्याकडचा, जेमतेम १ मिलिमीटरचा होता आणि जीभ तर स्प्लिटवर (चामड्याच्या खालच्या, हलक्या थरावर) पॉलियुरेथेनचा पापुद्रा चढवलेली होती.

अस्तरात हेच दुसऱ्या रीतीने दिसले. अस्सल बुटात सगळीकडे वासराचे चामडे होते. नकली बुटात चवड्यापर्यंत डुकराचे चामडे होते, ज्याची छिद्रे तीन-तीनच्या गटांत असल्याने ते भिंगाखाली लगेच ओळखू येते, आणि टाचेकडे मुलामा दिलेले कापड. टाचेचा काउंटर, म्हणजे टाचेला आकार देणारा आतला कडक तुकडा, अंगठ्याने दाबल्यावर अस्सल बुटात उसळी घेऊन परत आला, तर नकली बुटात बारीक कट्ट असा आवाज करून आत गेला आणि खड्डा तसाच राहिला. तो राळेत भिजवलेल्या कापडाचा पातळ तुकडा होता.

आणि कडेची शिलाई. अस्सल बुटाची आतली गादी उचलल्यावर तळाच्या कडेने टाक्यांची रांग दिसत होती, म्हणजे दोरा सोलच्या कडेतून अप्परमध्ये आणि तिथून तळात उतरला होता. नकली बुटाची गादी उचलल्यावर तळ कोरा निघाला. दोरा फक्त सोलच्या कडेत ओवलेला होता आणि तोही अप्पर बसवण्याआधी. शोभेची अशी शिलाई काही अस्सल बुटांवरही असते, पण या मॉडेलमध्ये ती नव्हती. ज्या जागी अस्सल बूट चिकटवणी आणि शिलाई या दोन्हींवर उभा होता, तिथे नकली बूट फक्त चिकटवणीवर होता, आणि ती चिकटवणी न खरवडलेल्या रंगावर होती. सोलच्या पोकळीत भरलेला फोमही ईव्हीए या हलक्या, लवचिक प्लास्टिकचा एकसंध नव्हता. तो तुकडे जोडून केलेला होता आणि टाचेच्या अलीकडेच संपत होता.

खर्च कुठे केला आणि कुठे वाचवला, याचा नकाशाच जणू समोर आला. खोक्यातून काढताना, छायाचित्रात किंवा हातात धरून पाहताना जे जे दिसते, ते उत्तम होते. सोलच्या खालची अक्षरेसुद्धा तितकीच ठसठशीत होती, कारण अस्सल सोल स्कॅन करून साचा बनवणे आता कठीण राहिलेले नाही. जे फक्त वापरताना कळते, ते सगळे काटकसरीचे होते.

पर्याय

या टप्प्यावर दोन भागीदारांत मतभेद झाले. भागीदाराचे म्हणणे होते की पॉलियुरेथेन चिकटवणीने जोड नीट बसवून द्यावा आणि विषय संपवावा. ग्राहकांनी बूट तपासायला दिला नव्हता. नकली असल्याचे सांगितले तर त्यांचे विक्रेत्याशी भांडण होईल, आणि त्यात कार्यशाळा विनाकारण ओढली जाईल. हा युक्तिवाद व्यवहारी होता, पण त्यात एक अडचण होती. पहिली दुरुस्ती का फसली हे सांगायचे तर सोल कशाचा आहे हे सांगावे लागणार होते, आणि सोल कशाचा आहे हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न ग्राहक विचारणारच होत्या. गप्प राहायचे म्हणजे अपयशाचे खोटे कारण द्यायचे.

नकली माल दुरुस्त करायचा नाही असे सांगून जोड परत करणे हा दुसरा मार्ग होता. काही कारागीर असे धोरण पाळतात आणि त्यांना ते शोभते. येथे ते थोडे क्रूर ठरले असते, कारण ग्राहकांनी जाणूनबुजून नकली बूट घेतले नव्हते आणि स्वतःच्या पायात घालायच्या वस्तूची दुरुस्ती म्हणजे नकली मालाचा व्यापार नव्हे.

तिसरा मार्ग नवा सोल बसवण्याचा होता, आणि त्याला दोन फाटे होते. ब्रँडची अक्षरे असलेला तयार नकली सोल पुरवठादारांकडे मिळत होता आणि तो मापाला तंतोतंत बसला असता. त्यावर फार चर्चा झालीच नाही. परक्याची खूण असलेला भाग विकत आणून वस्तूवर चढवणे ही दुरुस्तीच्या पलीकडची गोष्ट आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचे कलम ६१ सदस्य देशांना व्यापारी प्रमाणावरील जाणीवपूर्वक ट्रेडमार्क-नकलेविरुद्ध फौजदारी तरतूद ठेवायला सांगते, तेव्हा एका जोडापुरते का होईना, त्या दिशेला पाऊल टाकण्यात शहाणपण नव्हते. दुसरा फाटा म्हणजे कोणतीही खूण नसलेला साधा रबरी कपसोल आरपार शिलाईने बसवणे. तो सगळ्यात टिकाऊ, सगळ्यात खर्चिक आणि दिसायला सगळ्यात वेगळा पर्याय होता.

निर्णय

जे आढळले ते सगळे ग्राहकांना समोर बसवून, दोन्ही बूट दाखवून सांगायचे आणि निवड त्यांच्यावर सोडायची, असे ठरले. अस्सल जोडाच्या मालकाने त्यालाही संमती दिली होती. पहिल्या दुरुस्तीचे पैसे आधीच परत करण्यात आले.

ग्राहकांचा पहिला प्रतिसाद अनपेक्षित होता. फसवणुकीपेक्षा त्यांना पायाची काळजी वाटली. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्या पांढऱ्या मोज्यांवर टाचेकडे पिवळसर डाग पडले होते, आणि या चामड्यात काही विषारी आहे का असे त्यांनी विचारले. प्रश्न गैरलागू नव्हता. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंमध्ये षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियमच्या एका घातक रूपाची) मर्यादा १ मे २०१५ पासून किलोला ३ मिलिग्रॅम इतकी आहे, कारण ते अ‍ॅलर्जी निर्माण करते, आणि पीव्हीसीत वापरल्या जाणाऱ्या काही थॅलेट प्लास्टिसायझरवरही तिथे निर्बंध आहेत. अमेरिकन अपॅरल अँड फुटवेअर असोसिएशनने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ४७ बनावट वस्तूंपैकी १७ वस्तू तिथल्या सुरक्षा मानकांत बसल्या नव्हत्या. पण सुई, तार आणि भिंग यांच्या साहाय्याने यातले काहीच कळत नाही. कार्यशाळेने तेवढेच सांगितले, डाग अस्तराच्या रंगाचा असू शकतो असे सुचवले, आणि अस्तर बदलता येईल असा पर्याय पुढे ठेवला. घाबरवले नाही आणि दिलासाही दिला नाही. हा संयम मला या प्रकरणातला सगळ्यात चांगला भाग वाटतो.

दुसरी मागणी अधिक अवघड होती. बूट नकली असल्याचे प्रमाणपत्र त्यांना विक्रेत्याला दाखवायला हवे होते. कार्यशाळेने प्रमाणपत्र दिले नाही, त्याऐवजी निरीक्षणांची नोंद दिली. सोल थर्मोप्लास्टिक असून त्यात क्लोरीन आढळले, कडेची शिलाई तळात उतरत नाही, चवड्याच्या चामड्यावर छापील दाणा आहे, अस्तर दोन सामग्रींचे आहे, आणि या सर्व बाबतींत हा जोड त्याच मॉडेलच्या, दुकानातून घेतलेल्या एका जोडापेक्षा वेगळा आहे, एवढेच त्यात छायाचित्रांसह होते. ‘नकली’ हा शब्द त्यात नव्हता. हा फरक कोणाला शब्दांचा खेळ वाटेल, पण मोठमोठ्यांनाही तो महागात पडून शिकावा लागला आहे. स्टॉकएक्स या पुनर्विक्री मंचाने नायकेशी खटला चालू असताना, २०२२ मध्ये, ‘अस्सल असल्याची पडताळणी’ हे शब्द बदलून फक्त आपल्या पडताळणीचा उल्लेख ठेवला. पुढे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ३७ बनावट जोडांच्या विक्रीबद्दल त्या मंचाला जबाबदार धरले.

मग त्या ओघात ग्राहक म्हणाल्या की पैसे परत मिळाले नाहीत तर दुरुस्त करून घेऊन त्या बूट विकून टाकतील. दोघेही क्षणभर थांबले. विकणार हे कळल्यावर दुरुस्ती करणे वेगळे ठरत होते. कारागिरांनी अट स्पष्ट सांगितली: काम होईल ते बिनखुणेच्या सोलचेच होईल, आणि नव्या सोलच्या आत दुरुस्तीची तारीख व सामग्रीची नोंद असलेली चिठ्ठी गादीखाली चिकटवली जाईल. ग्राहकांनी थोड्या विचारानंतर ती मान्य केली.

काम

जुना सोल काढणे सोपे होते, तो जवळजवळ हाताने निघाला. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. नव्या सोलची कड जुन्यापेक्षा सुमारे चार मिलिमीटर बुटकी होती, त्यामुळे चामड्यावर जुन्या चिकटवणीची पिवळट रेघ उघडी राहत होती. ती पुसली तर रंग जात होता. शेवटी अप्परच्या कडेने पातळ रबरी पट्टी फिरवून ती झाकण्यात आली. पट्टीमुळे बुटाचा चेहरा बदलला, पण शिलाईला एक जास्तीचा थर मिळाला.

चामड्याची पूर्ण कड तंतू वर येईपर्यंत खरवडली. ते करताना आतल्या बाजूच्या पातळ तुकड्यावर घासणी एका जागी जरा जास्त लागली आणि तिथे मागून आधाराची पट्टी लावावी लागली. टाचेचा काउंटर काढून थर्मोप्लास्टिकचा बसवला, टाचेकडचे मुलाम्याचे कापड काढून चामड्याचे अस्तर घातले. तळाला शिवलेल्या कापडावर चामड्याच्या तंतूंचा बोर्ड दिला, जेणेकरून शिलाईचा दोरा कशात तरी पक्का धरला जाईल. पॉलियुरेथेन चिकटवणी लावून, सुकलेला थर उष्णतेने जागा करून सोल दाबला, आणि दुसऱ्या दिवशी चिकटवणी पक्की झाल्यावर कडेतून तळापर्यंत आरपार शिलाई घातली. चवड्याच्या वळणावर, जिथे यंत्राची सुई नीट पोहोचत नव्हती, तिथले टाके आरीने हाती घातले.

परिणाम

बूट पुन्हा उकलला नाही. शिलाई, काउंटर आणि अस्तर टिकले, आणि मोज्यांवरचे डागही थांबले. कारण अस्तर होते की जुनी चिकटवणी, हे मात्र ठरवता आले नाही, कारण दोन्ही एकाच वेळी बदलले गेले.

चामड्याच्या वरच्या थराची भीती खरी ठरली. काही महिन्यांतच उजव्या बुटावर, बोटे वाकतात त्या घडीत, रंगाला बारीक तडे गेले आणि खालचा राखाडी थर दिसू लागला. कारागिरांनी लवचिक रंगाने ते दोनदा भरले. रंगाचा मूळ थरच जाड असल्याने हे पुन्हा होणार, असे ग्राहकांना सांगून ठेवले आहे.

विक्रेत्याची बाजू निराळीच निघाली. त्यांनीही तो जोड दुसऱ्या कोणाकडून अस्सल म्हणूनच घेतला होता. निरीक्षणांची नोंद पाहून त्यांनी रकमेचा काही भाग परत केला, पूर्ण केला नाही, आणि ग्राहकांनी तेवढ्यावर थांबायचे ठरवले. ओळखीतले माणूस होते. पावती खरी होती का, हे कार्यशाळेने तपासले नाही. ते तिचे काम नव्हते, आणि खऱ्या पावतीसोबत दुसराच जोड दिला जाणे अशक्यही नसते.

दुरुस्तीचा खर्च पाहता व्यवहार तोट्याचा झाला असे म्हणता येईल. तेवढ्यात एखादा साधा, नावगाव नसलेला चांगला शिवलेला बूट आला असता. ग्राहकांनी बूट विकले नाहीत, त्या ते वापरतात.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक पहिल्या दहा मिनिटांत झाली. सोल कशाचा आहे हे ठरवायला सुईची एक चाचणी पुरली असती, आणि ती अस्सल-नकलीच्या वादात न पडता करता आली असती. आता कार्यशाळेत कोणत्याही ब्रँडचा सोल चिकटवण्याआधी आतल्या, न दिसणाऱ्या भागावर तापलेली सुई टोचून पाहतात आणि निकाल नोंदवहीत लिहितात. अस्सल जोडांच्या बाबतीतही त्याचा उपयोग होतो, कारण जुन्या पॉलियुरेथेन मिडसोलचा (सोलच्या मधल्या थराचा) भुगा व्हायला लागला आहे का, हेही त्याच निमित्ताने पाहिले जाते.

परवानगीचा प्रश्नही आधीच सुटला असता. जोड घेतानाच्या चिठ्ठीत ‘गरज पडल्यास आतला भाग उघडून पाहिला जाईल’ असे एक वाक्य असते, तर दुसऱ्या फेरीत अचानक फोन करावा लागला नसता आणि ग्राहकांना आपल्या पाठीमागे काही चालले आहे असे क्षणभरही वाटले नसते.

संदर्भ जोड मिळाला हे नशीब. तो मिळाला नसता तर काय केले असते, यावर दोघांचे अजून एकमत नाही. भागीदाराच्या मते सोल, शिलाई आणि अस्तर हे तीन फरक एकत्र पाहता सांगणे भागच होते. कारागीर म्हणतात की सोलचा दोष सांगितला असता, बाकीच्याबद्दल गप्प राहिलो असतो. माझा कल कारागिरांकडे आहे, पण पूर्णपणे नाही: ग्राहकांनी थेट विचारले असते, तर ‘मला संशय आहे, खात्री नाही’ एवढे सांगण्याइतके पुरावे त्यांच्याकडे होते.

गादीखालच्या चिठ्ठीवरही आक्षेप घेता येतो, कारण पुढचा विक्रेता ती सहज काढू शकतो. म्हणून आता अशा कामात बोर्डाच्या आतल्या बाजूवरच, शिलाई घालण्याआधी, न पुसणाऱ्या शाईने तारीख आणि सोलची सामग्री लिहितात. सोल पुन्हा काढल्याशिवाय ती नोंद दिसत नाही. ज्याला ती लागेल, त्याने सोल काढलेलाच असतो.